आयर्लंडमधले जमीनदारांचे वाडे आणि नकाशावरून पुसली गेलेली गावं

बाबांची अख्खी नोकरी भूमी अभिलेख खात्यात गेली. मोजणी, टिपणं, फाळणी, गट नकाशे आणि बांधावरची भांडणं, यातच. रिटायर झाल्यावर मे महिन्यात ते माझ्याकडे डब्लिनला आले ते यादी घेऊनच. समुद्रकडे आणि पब वगैरे बघण्यात त्यांना फार रस नव्हता. इथली जमीन कुणाच्या नावावर होती, ती कुळांच्या नावावर कशी झाली आणि त्याच्या खुणा अजून जमिनीवर दिसतात का, हे त्यांना बघायचं होतं. मी इतकी वर्षं इथे राहते पण या अंगाने हा देश कधी बघितलाच नव्हता. मग काय, गाडी भाड्याने घेतली, बी अँड बी (घरगुती मुक्काम, सकाळच्या नाश्त्यासकट) बुक केले आणि पश्चिमेकडे निघालो.

निघायच्या आधी थोडी माहिती हवी म्हणून सांगते. १६४१ मधे इथल्या कॅथलिक लोकांकडे साधारण ५९ टक्के जमीन होती. इंग्लंडचा सेनानी क्रॉमवेल याच्या जप्त्या झाल्या, पुढे इंग्लंडचा प्रोटेस्टंट राजा विल्यम याचं युद्ध झालं, आणि १७०३ पर्यंत तीच १४ टक्क्यांवर आली. जप्त केलेली जमीन वाटायची तर आधी मोजायला हवी, म्हणून विल्यम पेटीने १६५६ ते ५८ मधे देशभर मोजणी केली, तिला डाउन सर्व्हे म्हणतात. तिचे नकाशे ट्रिनिटी कॉलेजच्या साइटवर फुकट बघता येतात, बाबांनी ते पुण्यात बसूनच बघून ठेवले होते. १८७० च्या सुमाराला अर्धा देश साधारण आठशे घराण्यांच्या मालकीचा होता आणि स्वतःच्या मालकीची जमीन कसणारे शेतकरी होते जेमतेम ३ टक्के. बाकी सगळी कुळं.

बुधवार: स्ट्रोक्सटाउन, रॉसकॉमन काउंटी

डब्लिनपासून दोन तासांवर हे छोटं गाव आहे, पण गावातला मुख्य रस्ता इतका रुंद की एवढ्याशा गावात तो का असावा हे कळेचना. रस्त्याच्या टोकाला भलीमोठी कमान आणि कमानीच्या आत माहोन घराण्याचा वाडा. रस्ता वाड्यासाठी आहे, गावासाठी नाहीच, हे तिथे उभं राहिल्यावर लगेच लक्षात येतं. अशा जमीनदाराने आखून वसवलेल्या गावांना इथे इस्टेट टाउन म्हणतात आणि देशभर ती आहेत.

वाडा गाइडबरोबरच बघावा लागतो. आमची गाइड त्याच भागातली, शांत आवाजात बोलणारी बाई होती. तिने स्वयंपाकघर दाखवलं, त्याला वरून चारी बाजूंनी लाकडी गॅलरी आहे. मालकीणबाई खाली कधी उतरायच्या नाहीत, गॅलरीतून आठवड्याचा मेनू खाली टाकायच्या असं सांगतात. नोकरांनी अंगणातून ये-जा करताना पाहुण्यांच्या नजरेला पडू नये म्हणून खालून भुयार काढलेलं आहे. बाबा त्या भुयाराच्या तोंडाशी बराच वेळ थांबले होते.

तबेल्यात आता राष्ट्रीय दुष्काळ संग्रहालय आहे, १९९४ पासून. त्याची गोष्ट फार विलक्षण आहे. १९७९ मधे गावातल्याच एका गॅरेजवाल्या कंपनीने धंद्यासाठी जागा हवी म्हणून ही इस्टेट विकत घेतली आणि वाड्यात त्यांना इस्टेटीचं दफ्तर सापडलं. खंडाच्या वह्या, कारभाऱ्याची पत्रं, कुळांचे अर्ज, हजारो कागद. त्यात १८४६ चा क्लूनाही गावच्या कुळांचा अर्ज आहे. आमची मुलंबाळं डोळ्यांसमोर भुकेने तळमळतायत, त्यांचं रडणं आता बघवत नाही, काम द्या, असा त्याचा आशय. मागणी दानाची नाही, कामाची आहे. मी तो दोनदा वाचला.

बटाटा हेच इथल्या गरिबांचं मुख्य अन्न, त्यावर करपा आला १८४५ मधे, आणि डेनिस माहोनच्या हातात इस्टेट आली तीही १८४५ मधेच, तीसुद्धा कर्जात बुडालेली. कारभारी होता त्याचा चुलतभाऊ. त्याने हिशोब मांडला की या कुळांना वर्कहाउसमधे (निराधारांना ठेवून कामाला लावायचं सरकारी घर) पोसण्यापेक्षा जहाजात बसवून कॅनडाला पाठवणं स्वस्त पडेल. आता हा हिशोब का करावा लागला ते समजून घेतलं पाहिजे, नाहीतर नुसता दुष्ट जमीनदार एवढंच डोक्यात राहतं. कायद्याप्रमाणे गरिबांना पोसायचा कर जमिनीवर बसायचा, आणि ज्या कुळाच्या जमिनीचं मूल्यांकन ४ पौंड किंवा कमी, त्याचा सगळा कर जमीनदाराने भरायचा. म्हणजे जितकी छोटी कुळं जास्त, तितका मालकाला भुर्दंड जास्त. त्यामुळे छोटं कूळ उठवणं हा सरळ फायद्याचा व्यवहार झाला.

१८४७ मधे १४९० लोक इथून रॉयल कॅनॉलच्या काठाने डब्लिनपर्यंत चालत गेले, तिथून लिव्हरपूल आणि मग क्वेबेक. त्यातलं व्हर्जिनियस नावाचं जहाज ४७६ माणसं घेऊन निघालं होतं, त्यातली १५८ समुद्रातच गेली. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला रॉसकॉमनहून बग्गीतून परत येताना माहोनला गोळी घातली.

त्या वाटेवर आता १६५ किलोमीटरचा नॅशनल फॅमिन वे केलाय, ठिकठिकाणी ब्राँझमधले लहान मुलांचे बूट बसवलेत. एका पडक्या घराच्या छपरात सापडलेल्या खऱ्या जोडावरून ते बनवलेत. एकत्र बांधलेले, माझ्या हाताच्या पंजाएवढे.

संध्याकाळी (मे मधे इथे दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळ भरपूर मोठी मिळते) आम्ही बॅलिकिलक्लाइनला गेलो. हे गाव नाही, टाउनलँड आहे. आयर्लंडभर अशी साठ हजारांहून जास्त टाउनलँड आहेत, जमिनीच्या नोंदीचं सगळ्यात लहान एकक. ही जमीन खरं तर इंग्लंडच्या राजसत्तेची, आधी माहोनांकडे पट्ट्याने होती, पट्टा १८३४ मधे संपला आणि पुढे कुळांनी खंड देणंच बंद केलं. वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी १८४७-४८ मधे सगळ्यांना उठवून सरकारी खर्चाने न्यूयॉर्कला पाठवलं, साडेतीनशेहून जास्त माणसं.

फोनवर १८३० च्या दशकातला सहा इंची ऑर्डनन्स सर्व्हे नकाशा उघडला, त्यावर घरांचे काळे ठिपके दाट दिसत होते, गल्लीबोळासकट. समोर बघितलं तर फक्त गवत, हॉथॉर्नची पांढरी फुललेली कुंपणं आणि चरणाऱ्या गाई. बाबा फोन हातात धरून ठिपक्याप्रमाणे चालत गेले आणि एका ठिकाणी उभे राहून म्हणाले, "इथे बघ, जमीन थोडी उंच लागतेय पायाला." खरंच लागत होती.

टिप: जुने नकाशे आताच्या नकाशावर ठेवून बघायची सोय सरकारी मॅप व्ह्यूअरवर फुकट आहे. पण खेड्यात नेटवर्क जातं, वायफाय असताना स्क्रीनशॉट काढून ठेवा. आणि शेतात शिरायच्या आधी विचारा, फाटक जसं असेल तसंच ठेवा, उघडं तर उघडं आणि बंद तर बंद.

गुरुवार: स्ट्रेड, कॅसलबार, वेस्टपोर्ट

सकाळपासून रिपरिप. बाबा शाकाहारी, पण इथल्या बी अँड बी मधे अडचण आली नाही. पॉरिज, अंडी, मशरूम, ब्राउन ब्रेड आणि घरचं रुबार्बचं जॅम. ब्राउन ब्रेडवर त्यांचा फार जीव जडला, पुढे सगळ्या मुक्कामी ते आधी त्याचीच चौकशी करायचे.

मेयो काउंटीतलं स्ट्रेड हे मायकेल डॅव्हिटचं गाव. डॅव्हिटबद्दल आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं, ते व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. जन्म १८४६ चा, ऐन दुष्काळातला. १८५० मधे खंड थकला म्हणून घराबाहेर काढलं तेव्हा तो ४ वर्षांचा होता. आई मुलांना घेऊन स्विनफर्डच्या वर्कहाउसमधे गेली, तिथे नियम असा की ३ वर्षांवरच्या मुलग्यांना आईपासून वेगळं ठेवायचं. आईने नकार दिला आणि सगळे परत रस्त्यावर. तिथून लँकेशायरला. ११ व्या वर्षी कापडगिरणीत मशीनमधे सापडून उजवा हात गेला. पुढे क्रांतिकारकांमधे गेला, सात वर्षं तुरुंगात काढली, आणि सुटून आल्यावर त्याने शोधलेला मार्ग बंदुकीचा नव्हता. २१ ऑक्टोबर १८७९ ला कॅसलबारच्या इंपीरियल हॉटेलात लँड लीग ही कुळांची संघटना स्थापन झाली ती मुख्यतः त्याच्यामुळे.

त्याचा बाप्तिस्मा झाला त्याच जुन्या चर्चमधे आता त्याचं म्युझियम आहे आणि शेजारी मध्ययुगीन मठाच्या भिंतीपाशी त्याची कबर. म्युझियममधे आम्ही दोघंच होतो. तिथल्या काकांनी आम्ही भारतातले म्हटल्यावर लगेच आल्फ्रेड वेबचं नाव काढलं, आयरिश खासदार, १८९४ च्या मद्रास काँग्रेसचा अध्यक्ष. मग ते आणि बाबा असे काही गप्पा मारत बसले की विचारू नका, बाबांचं इंग्रजी बेताचं आणि काकांचे उच्चार पक्के मेयोचे, पण दोघांना जमिनीचं सगळं कळत होतं.

कॅसलबारला लॉर्ड लुकनची इस्टेट. तिसऱ्या लुकनने दुष्काळात बॅलिनरोबच्या आसपास शेकडो घरं पाडून ती जमीन कुरणाखाली आणली. हाच पुढे १८५४ मधे क्रिमियात लाइट ब्रिगेडच्या त्या हल्ल्याच्या वेळी घोडदळाचा प्रमुख होता, शाळेत इंग्रजीच्या कवितेत आपण वाचलंय ते. गावाच्या मध्यभागी मॉल म्हणून हिरवळ आहे, ती पूर्वी लुकनच्या घराण्याचं क्रिकेटचं मैदान होती. आणि लँड लीग जन्मली ते हॉटेल बरोबर तिच्या समोर.

वेस्टपोर्टला मुक्काम. हेही आखून वसवलेलं गाव, मार्क्वेस ऑफ स्लायगो म्हणजे ब्राउन घराण्याचं, अष्टकोनी चौक आणि नदीच्या दोन्ही काठांना लिंडेनची झाडं. खूप देखणं आहे हे मान्य करायलाच पाहिजे. रात्री कोलकॅनन खाल्लं, कोबी घालून घोटलेला बटाटा आणि मधे लोण्याचा खड्डा. पावसात भिजून आल्यावर याच्यासारखं दुसरं काही नाही.

बी अँड बीच्या आजी ऐंशीच्या पुढच्या. बाबांचा विषय कळल्यावर त्यांनी कपाटातून बिस्किटाचा डबा काढला, आत त्यांच्या आजोबांच्या वेळच्या लँड कमिशनच्या (जमिनीचे व्यवहार बघणारं सरकारी खातं) पावत्या. म्हणजे असं, की १९०३ च्या विंडम कायद्याने सरकारने कुळांना जमीन विकत घ्यायला कर्ज दिलं, ते सव्वातीन टक्क्यांनी साडेअडुसष्ट वर्षांत फेडायचं, वर्षातून दोन हप्ते. जमीनदाराला पैसे सरकारकडून एकदम मिळाले, वर विकावं म्हणून बोनसही. कूळ मात्र पिढ्यान्‌पिढ्या हप्ते भरत राहिलं. आजी म्हणाल्या, "आमच्याकडे पैसे आले की आधी हा हप्ता बाजूला निघायचा, मग बूट." बाबांनी त्या पावत्या टेबलावर पसरून तारखांप्रमाणे लावून दिल्या आणि त्यांना ३२ म च्या सर्टिफिकेटबद्दल सांगितलं, आपल्याकडे कूळकायद्यात १ एप्रिल १९५७ ला कूळ मालक मानलं गेलं, किंमत हप्त्याने भरली आणि मग ते हातात आलं. त्यांच्या स्वतःच्या वडिलांचं आहे घरी, फ्रेम करून. आजींना हे इतकं आवडलं की सकाळी त्यांनी बाबांसाठी वेगळा ब्रेड भाजून दिला.

शुक्रवार: डूलॉक, किलरी, बॅलिनाहिंच

हा दिवस सगळ्यात जड गेला आणि निसर्ग मात्र सगळ्यात सुंदर.

लुइसबर्गहून डूलॉकच्या खोऱ्यातून जाणारा रस्ता अरुंद आहे, दोन्हीकडे उघडे डोंगर, मधे काळंभोर तळं, घर एकही नाही. ३० मार्च १८४९ ला लुइसबर्गमधे शेकडो भुकेली माणसं मदतीसाठी जमली होती. तपासणी अधिकाऱ्यांनी सांगितलं की उद्या सकाळी डेल्फी लॉजला हजर व्हा. डेल्फी लॉज म्हणजे मार्क्वेस ऑफ स्लायगोचं शिकारीचं घर, वीसेक किलोमीटरवर. माणसं रात्रीच्या थंडीवाऱ्यात चालत गेली, तिथे मदत मिळाली नाही आणि परतीच्या वाटेवर माणसं मेली. किती, यावर आजही वाद आहे. तिथे एक दगडी क्रॉस उभा केलाय, आणि त्यावर, मला आधी विश्वासच बसेना, गांधीजींचे शब्द कोरलेत. आपल्याच माणसांच्या अपमानात माणसाला मोठेपणा कसा वाटू शकतो, असा त्यांचा प्रश्न. बाबांनी चपला काढल्या. पाऊस चालू होता, पण ते तसेच उभे राहिले.

पुढे डेल्फीच्या आसपास रस्त्याच्या कडेने जांभळी फुलं पेटल्यासारखी. ऱ्होडोडेंड्रॉन. फोटोसाठी सगळे थांबतात, आम्हीही थांबलो. ही झाडं इथली नाहीत. जमीनदारांनी शोभेसाठी आणि शिकारीच्या पक्ष्यांना आडोसा म्हणून आणून लावली, आता ती हाताबाहेर पसरलीत आणि खाली दुसरं काही उगवू देत नाहीत. इस्टेटी गेल्या, झाडं राहिली आणि वाढतच चाललीत.

लीनानच्या अलीकडे टायर पंक्चर झाला. डिकीत स्टेपनी नव्हती, फक्त फेसाची बाटली, ती काही चालेना. फोनला रेंज नाही. पाऊण तासाने एक मेंढपाळ शेतकरी क्वाड बाइकवर आला, मागे दोन कुत्री, त्याने शेजाऱ्याला गाठून टायर बसवून दिला आणि पैसे घेतले नाहीत. तोवर आम्ही त्याच्या बांधावर बसून चहा पीत होतो, त्याच्याच थर्मासमधला.

किलरीच्या खाडीसमोरच्या उतारावर त्याने आम्हाला बोटाने रेघा दाखवल्या. बटाट्याचे वाफे. इथे त्यांना लेझी बेड म्हणतात, पण त्यात आळशीपणाचं काही नाही, खालून समुद्रशैवाल पाठीवर वाहून आणून, कुदळीने माती दोन्हीकडून वर उलटून केलेले ते सरळसोट उंचवटे, डोंगराच्या इतक्या वर की तिथे बकरी जपून चालेल. दुष्काळानंतर त्यावर कुणी पीक घेतलंच नाही, म्हणून ते तसेच राहिलेत. उन्ह तिरकं पडलं की स्पष्ट दिसतात. बाबा वर चढले, वाफ्याची रुंदी पावलांनी मोजली, मधली चर मोजली, वहीत लिहून घेतली. इतक्या चढावर का, याचं उत्तर त्या शेतकऱ्याने दिलं. खालची चांगली जमीन मालकाच्या मेंढ्यांना लागायची.

त्याची स्वतःची जमीन एक लांब पट्टी, डोंगरापासून खाली पाण्यापर्यंत. आधी इथे रनडेल पद्धत होती. म्हणजे वस्ती एकत्र, जमीन सगळ्यांची मिळून, आणि प्रत्येक कुटुंबाला चांगल्या-वाईट जमिनीचे थोडे थोडे तुकडे, तेही अधूनमधून फिरवून. १८९१ मधे काँजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्ड आलं, त्याने पश्चिमेकडच्या इस्टेटी विकत घेतल्या, विखुरलेले तुकडे एकत्र केले आणि प्रत्येकाला एकसलग पट्टी दिली, घरंही त्या पट्टीवर हलवली. कॉनेमारात, मेयोत रस्त्याकडेला घरं एकामागे एक ओळीने दिसतात ती त्यामुळे. बाबांच्या मते हे काम तांत्रिकदृष्ट्या उत्तम झालेलं आहे. शेतकऱ्याच्या मते जमीन मिळाली पण शेजार गेला. मला दोघांचंही पटलं.

कायलमोर ॲबीला गर्दी होती, तळ्याकाठून फोटो काढला आणि पुढे गेलो.

बॅलिनाहिंचचा वाडा आता हॉटेल आहे, राहणं महाग, पण आवारात फिरता येतं आणि पबमधे सूप-ब्रेड परवडतो. ही मार्टिन घराण्याची इस्टेट, जवळजवळ दोन लाख एकर, कॉनेमाराचा केवढा तरी भाग. यातला रिचर्ड मार्टिन म्हणजे १८२२ मधे जनावरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा करून घेणारा खासदार. त्याचा मुलगा थॉमस १८४७ मधे क्लिफडनच्या वर्कहाउसमधे आपल्या कुळांना भेटायला गेला आणि तिथला ताप लागून वारला. कर्ज इतकं होतं की सगळी इस्टेट लंडनच्या एका विमा कंपनीकडे गेली. असे बुडीत जमीनदार देशभर होते, त्यांच्या जमिनी झटपट विकता याव्या म्हणून १८४९ मधे खास कायदा आणि कोर्ट काढावं लागलं. नव्या मालकांना कुळांशी जुनी ओळख नव्हती, खंडाशी होती.

आणि १९२४ मधे हा वाडा विकत घेतला कुणी, तर आपल्या रणजी ट्रॉफीच्या रणजींनी! नवानगरचे जामसाहेब रणजितसिंहजी. मासेमारीसाठी ते उन्हाळ्यात इथे यायचे, नदीकाठी त्यांनी बांधून घेतलेले छोटे धक्के आणि झोपड्या अजून आहेत. १९३३ मधे ते गेले. हॉटेलातल्या मुलाने त्यांचा फोटो दाखवला, गावात त्यांच्याबद्दल अजून चांगलं बोलतात म्हणे. बाबा क्रिकेटवेडे, त्यामुळे दिवसभराचा ताण इथे जरा उतरला.

शनिवार: लॉक मास्क आणि मूर हॉल

स्वच्छ ऊन. कॉंगच्या पुढे, नील गावाजवळ लॉक मास्क हाऊस. इथे लॉर्ड अर्नचा कारभारी राहायचा, कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट. हो, तोच, ज्याच्या नावावरून बॉयकॉट म्हणजे बहिष्कार हा शब्द आला. १८८० मधे कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली, मालक १० वर अडला, बेदखलीच्या नोटिसा निघाल्या, आणि गावाने त्याच्याशी सगळा व्यवहार थांबवला. मजूर, धोबी, पोस्टमन, दुकानदार, सगळ्यांनी. शेवटी त्याचं पीक काढायला उत्तरेकडून ५० ऑरेंजमन (ऑरेंज ऑर्डर या प्रोटेस्टंट संघटनेची माणसं) आणले, त्यांच्या संरक्षणाला हजाराच्या घरात शिपाई, ५०० पौंडांच्या पिकासाठी सुमारे १०,००० पौंड खर्च. घर खाजगी आहे, बघायला जाऊ नका, रस्त्यावरून तळं बघा. बाबांना इथे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे, की एवढं सगळं कुणाला हात न लावता झालं. पुढच्याच वर्षी, १८८१ मधे ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टनचा कायदा आला, रास्त खंड, कुळाला संरक्षण आणि हक्क विकायची मोकळीक.

तिथून अर्ध्या तासावर लॉक कारा तळ्याकाठी मूर हॉल. छप्पर नाही, खिडक्या रिकाम्या, आत झाडं वाढलेली, जाळी लावून बंद केलंय. मूर घराणं कॅथलिक. जॉर्ज हेन्री मूरच्या कोरॅना नावाच्या घोड्याने १८४६ मधे चेस्टर कप जिंकला, तो पैसा त्याने दुष्काळात कुळांसाठी वापरला, धान्याचं जहाज मागवलं. आणि हाच वाडा १ फेब्रुवारी १९२३ ला यादवी युद्धात जाळला, कारण मूर घराण्यातला एकजण नव्या आयरिश सरकारच्या सिनेटमधे होता. १९२० ते २३ या तीन-चार वर्षांत देशभरात असे पावणेतीनशेच्या आसपास वाडे जळाले.

तिथे कुत्र्याला फिरवणारे एक गृहस्थ भेटले. त्यांचे पणजोबा मूरांचं कूळ. म्हणाले, "लुकनचा वाडा जळाला असता तर इथे कुणी रडलं नसतं. हा जळायला नको होता." मग जरा थांबून म्हणाले, की चांगला मालक मिळणं हे शेवटी नशीबच होतं, आणि नशिबावर घर चालवायला लागू नये म्हणूनच तर लीग झाली.

टिप: मूर हॉलला तिकीट नाही, जंगलातून दीड-दोन तासांची चाल आहे, पार्किंग आहे. टॉयलेट नाही.

रविवार: कूल पार्क, पोर्टम्ना

गोर्टजवळचं कूल पार्क साहित्यवाल्यांचं तीर्थ. नाटककार लेडी ग्रेगरीचं घर, येट्स, शॉ, जे. एम. सिंग असे आयरिश लेखक सगळे इथे यायचे, बागेतल्या बीचच्या झाडावर त्यांनी आद्याक्षरं कोरलीत. झाडाला कठडा आहे, अक्षरं सालीबरोबर पसरून मोठी झालीत, बोर्ड बघून एकेक ओळखावं लागतं. घर १९४१ मधे पाडलं, फक्त जोतं उरलंय.

मला सांगायचंय ते मात्र दुसरंच. ही इस्टेट १७६८ मधे घेतली रॉबर्ट ग्रेगरीने, ईस्ट इंडिया कंपनीत पैसा करून आलेला, पुढे कंपनीचा चेअरमन. म्हणजे या जोत्याखाली हिंदुस्थानचा पैसा आहे. आणि त्याच्या वंशातला विल्यम ग्रेगरी, लेडी ग्रेगरीचा नवरा, १८४७ मधे खासदार असताना त्याने गरिबांच्या कायद्यात एक कलम घातलं. पाव एकराहून जास्त जमीन ज्याच्याकडे असेल त्याला सरकारी मदत नाही. खायला हवं तर जमीन सोडा. माणसं जमीन सोडत होती आणि मागे लगेच घर पाडलं जात होतं. १८४१ ला ८१ लाखांवर असलेली लोकसंख्या १८५१ ला ६५ लाखांवर आली त्यात या कलमाचा वाटा मोठा आहे. कूलच्या बागेत फिरताना झाडावरच्या सह्या बघाव्यातच, पण हे कलमही माहीत असावं असं मला फार वाटतं.

जेवण तिथल्याच कॅफेत, भाज्यांचं सूप आणि ॲपल टार्ट. प्रवेश फुकट आहे.

परतीच्या वाटेवर पोर्टम्ना. इथला मालक क्लॅनरिकार्ड, पन्नास हजार एकरांहून जास्त जमीन आणि राहायला कायम लंडनमधे, खंडात सूट द्यायला शेवटपर्यंत तयार नाही. १८८६ मधे त्याच्या वुडफर्डच्या कुळांनी घरात कोंडून घेऊन पोलिसांशी लढत दिली. शेवटी १९१५ मधे काँजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्डाने सक्तीने त्याची जमीन घेतली.

गावात १८५२ मधे सुरू झालेलं वर्कहाउस जसंच्या तसं उभं आहे, आता त्याचं म्युझियम केलंय. पुरुष, बायका, मुलगे, मुली, चौघांची अंगणं वेगळी, मधे उंच भिंती. स्ट्रेडला डॅव्हिटच्या आईबद्दल ऐकलं होतं ते इथे त्या भिंतीपाशी उभं राहून नीट समजलं. आमच्या गाइडने एक दार दाखवलं, कुटुंब आत आलं की तिथे शेवटचं एकत्र उभं राहायचं.

बाबांनी तिला विचारलं, लँड कमिशनचं दफ्तर बघायला कुठे जायचं? लँड कमिशन १८८१ मधे सुरू झालं, १९९९ मधे बंद झालं, देशातल्या बहुतेक शेतजमिनीचे कागद त्याच्या हातून गेले. ती म्हणाली ते पोर्टलेशला गोदामात आहे आणि बाहेरच्या माणसांना ते वर्षानुवर्षं सहजी बघायला मिळालेलं नाही. बाबांना हे अजिबात पटलं नाही. कुणाची जमीन कुणाला, कोणत्या भावाने गेली हा कागद मागेल त्याला दिसला पाहिजे, आम्ही उतारे देत होतोच की, असं ते डब्लिनपर्यंत गाडीत बोलत होते. मी पूर्ण त्यांच्या बाजूची आहे.

कुणी जाणार असेल तर काही गोष्टी. ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन (१८४७ ते ६४) ऑनलाइन फुकट आहे, टाउनलँडचं नाव घातलं की कसणारा कोण, मालक कोण, क्षेत्र आणि मूल्यांकन किती हे ओळीने येतं, सोबत नकाशा. गॉलवे युनिव्हर्सिटीची लँडेड इस्टेट्स नावाची साइट आहे, तिच्यावर कॉनॉट आणि मन्स्टर या प्रांतांमधली घराणी, वाडे आणि त्यांची कागदपत्रं कुठे आहेत ते मिळतं. आदल्या रात्री हे दोन्ही बघून ठेवलं तर दुसऱ्या दिवशीचा रस्ता पूर्ण वेगळा दिसतो. मे-जून उत्तम, रेनकोट पँटसकट घ्या, छत्री वाऱ्यात टिकत नाही. गाडी घेताना स्टेपनी आहे का ते विचारून घ्या. डेनिस माहोनच्या काळातले कागद बघायचे असतील तर स्ट्रोक्सटाउनला निम्मा दिवस पुरत नाही, पूर्ण ठेवा. आमचं बर (Birr) नावाचं गाव बघायचं राहिलं, तिथे अर्ल ऑफ रॉसने १८४५ मधे बांधलेली ७२ इंची दुर्बीण आहे, सप्टेंबरात बाबा परत येतील तेव्हा जाऊ.